पिवळ्या खांद्याची मारिकिता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्टो रिको बेटावर आणि त्याच्या पश्चिमेच्या छोट्या मोना बेटावर एक काळा, थव्याने राहणारा पक्षी आहे. जगात आणखी कुठेही तो सापडत नाही. तिथले लोक त्याला स्पॅनिशमध्ये ‘मारिकिता’ म्हणतात. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही, म्हणून इथे तेच नाव वापरले आहे. तिकडे पक्षी पाहायला जाणाऱ्यांना आणि घरी बसून या पक्ष्याचे काय चालले आहे ते समजून घेणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरे.

हा नेमका कोणता पक्षी?

शास्त्रीय नाव अॅगेलायस झॅन्थोमस. त्यातल्या ‘झॅन्थोमस’चा ग्रीक भाषेत अर्थच ‘पिवळ्या खांद्याचा’. फिलिप स्क्लेटर यांनी 1862 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. कुळ इक्टेरिडी. हे कुळ फक्त अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आढळते, त्यामुळे आपल्याकडे त्यातला एकही पक्षी नाही. क्यूबा आणि हैतीत तपकिरी-पिवळसर खांद्याचा एक ब्लॅकबर्ड आहे, तो हिचा सर्वांत जवळचा नातलग.

दोन उपजाती आहेत. एक प्युर्टो रिकोच्या मुख्य बेटावरची आणि दुसरी मोना बेटावरची. मोनाच्या उपजातीचे वर्णन 1945 मध्ये झाले.

सह्याद्रीत दिसतो तोही ब्लॅकबर्डच ना?

नाव सारखे, नाते काही नाही. सह्याद्रीच्या जंगलात गाणारा भारतीय ब्लॅकबर्ड कस्तुरांच्या गटातला आहे. तो एकटादुकटा राहतो, जमिनीवरचा पालापाचोळा उलथून किडे शोधतो आणि गातो फार गोड. मारिकिता झाडावर गोतावळा करून राहते आणि तिचा आवाज नाकातून काढल्यासारखा, घासलेला, लांबत जाणारा. वागणुकीची तुलना करायचीच तर ती साळुंकीशी करावी: थव्याने फिरणे, माणसाजवळ धीटपणे येणे, मिळेल ते खाऊन बघणे. पण साळुंकीही तिची नातलग नाही.

दिसते कशी? दुसऱ्या काळ्या पक्ष्यांतून ओळखायची कशी?

चोचीपासून शेपटीपर्यंत 20 ते 23 सेंटीमीटर. वजन साधारण 35 ते 40 ग्रॅम, नर मादीपेक्षा थोडा थोराड. अंग पूर्ण काळे, तुकतुकीत. डोळे गडद, चोच काळी, सरळ आणि टोकदार. खांद्यावर पिवळा पट्टा. नर आणि मादी दोघांनाही तो असतो, म्हणून नुसत्या रंगावरून नर-मादी सांगता येत नाही. नवी पिल्ले तपकिरी झाक असलेली, मळकट दिसतात आणि त्यांचा पट्टा लहान असतो.

नवख्याची फसगत इथेच होते. पक्षी पंख मिटून बसला की पिवळा पट्टा बराचसा पिसांखाली दडतो, कधी पंखाच्या कडेला पिवळी रेघ तेवढी उरते. ती दिसली नाही म्हणून ‘ही मारिकिता नव्हे’ असे ठरवू नका. पक्षी उडण्याची वाट पाहा. पंख उघडले की खांदा लख्खकन चमकतो.

त्याच परिसरात घोटाळा करणारे पक्षी असे:

चांगो, म्हणजे तिथला ग्रॅकल. मारिकितेपेक्षा मोठा, डोळे पिवळे आणि शेपटी नावेच्या तळासारखी मधोमध मुडपलेली. दुरूनसुद्धा आधी शेपूट बघावी.

चकचकीत काउबर्ड. नर जांभळट चमकीचा काळा, खांद्यावर काहीच नाही, चोच आखूड. मादी राखी-तपकिरी. मारिकितेच्या थव्यात मिसळून चरतो, म्हणून थव्यातला एक पक्षी ओळखला की सगळे तेच असे धरून चालू नये.

कलांद्रिया, म्हणजे प्युर्टो रिकोचा ओरिओल. काळा आणि पिवळ्या खांद्याचा, म्हणून सर्वांत जास्त चुका याच्याबाबत होतात. पण याच्या पाठीचा खालचा भाग आणि शेपटीखालची बाजूही पिवळी असते. मारिकितेला खांदा सोडून कुठेही पिवळे नसते.

आनी. हाही थव्याने फिरणारा काळा पक्षी, पण कोकिळेच्या कुळातला. चोच जाड, वरून फुगीर. शेपूट लांब आणि ढिली. एकदा पाहिला की पुन्हा गोंधळ होत नाही.

ती थव्यात का राहते?

कारण एकत्र राहण्यात तिचा फायदा आहे, निदान होता. घरटी जवळजवळ, वसाहत करून बांधली जातात. प्रत्येक जोडी फक्त आपल्या घरट्याभोवतीची थोडी जागा राखते. बाकी खाणे, पाण्यावर येणे, रात्री झोपणे सगळे मिळून. घरट्याजवळ शत्रू आला की शेजारीपाजारी ओरडत त्याच्यावर चाल करतात. एका पक्ष्याला खाणे सापडले की बाकीच्यांना ते आपोआप कळते.

विणीचा हंगाम सरला की थवे मोठे होतात. नैऋत्य किनाऱ्यासमोरच्या खारफुटीच्या बेटुकल्यांवर शेकडोंनी रातथारा असतो. पहाटे हे पक्षी समुद्र ओलांडून जमिनीवर चरायला येतात आणि संध्याकाळी परततात.

पुढची बहुतेक उत्तरे याच सवयीपाशी येऊन थांबतात. सगळे एका जागी असतात म्हणून त्यांना वाचवणे सोपे जाते, आणि म्हणूनच एका फटक्यात गमावणेही.

ती राहते कुठे?

किनाऱ्यालगतच्या सखल पट्ट्यात. आज तिचा खरा आधार बेटाचा नैऋत्य कोपरा आहे: लाहास नगरपालिकेतले ला पारगेरा गाव, पिताहाया, बोकेरॉनचे सरकारी जंगल आणि काबो रोहोचा परिसर. दक्षिणेला सालिनासजवळ थोडे पक्षी आहेत. पूर्वेला सेयबाजवळच्या जुन्या रूझवेल्ट रोड्स नौदल तळाच्या खारफुटीत एकेकाळी मोठी वसाहत होती, तिथे आता फार थोडे उरले आहेत.

कोकणातल्या माणसाला ही जागा परकी वाटणार नाही. तिथली तांबडी खारफुटी ही आपल्या कांदळाची जवळची नातलग आहे, तशाच खाली झेपावणाऱ्या कमानदार मुळांची. तिथली काळी खारफुटी म्हणजे आपल्या तिवराची बहीण, चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढणारी. कांदळ पाण्यात पुढे, तिवर त्याच्या मागे, मग खाजण आणि शेवटी कोरडा काटेरी झाडोरा, हा क्रमही ओळखीचाच. मारिकिता या सगळ्या पट्ट्यांचा वापर करते. घरटी खारफुटीत, चरणे मागच्या कुरणांत आणि झुडपांत. त्यामुळे नुसती खारफुटी राखली आणि मागचे कुरण बांधकामाला दिले, तर तिचे निम्मे घर गेलेच. नारळाच्या झावळ्यांत आणि गावातल्या झाडांवरही ती घरटे करते.

खाते काय?

मुख्यतः किडे: पतंग, अळ्या, नाकतोडे, कोळी. पिल्लांना तर जवळजवळ हेच भरवले जाते. शोधण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. मिटलेली चोच ती सालीच्या भेगेत किंवा गुंडाळलेल्या पानात खुपसते आणि मग आतल्या आत जोर लावून उघडते. भेग फाकते, आतला किडा उघडा पडतो. आपण चिमटा उलटा वापरला तर जसे होईल तसे. या कुळातल्या अनेक पक्ष्यांच्या जबड्याचे स्नायू चोच मिटण्याइतकेच ती उघडण्यासाठीही बळकट असतात, ते यासाठीच.

याखेरीज फळे आणि फुलांतला मध. शिवाय गुरांच्या गव्हाणीतला खुराक, शिजवलेला भात, कुत्र्यासाठी ठेवलेले खाणे. गव्हाणीवर काउबर्डही जमतो, म्हणजे घरट्याचा शत्रू (तो कसा, ते पुढे येते) आणि घरट्याचा मालक एकाच पंगतीला बसतात.

वीण कधी आणि कशी होते?

साधारण एप्रिल-मेपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. सुरुवात पावसावर ठरते. नैऋत्य कोपरा बेटाचा सर्वांत कोरडा भाग आहे, पहिल्या पावसाने किडे वाढले की जोड्या कामाला लागतात. पाऊस लांबला की वीणही लांबते.

नर आणि मादीची जोडी जमते. घरटे गवताची आणि वनस्पतींच्या धाग्यांची वाटी. अंडी बहुतेकदा तीन, निळसर-हिरवट, त्यांवर तपकिरी ठिपके. उबवते फक्त मादी, 12 ते 13 दिवस. पिल्ले 13 ते 16 दिवसांनी घरटे सोडतात आणि त्यांना भरवायला दोघेही राबतात. अंड्यापासून घरटे सोडेपर्यंत महिना लागत नाही. म्हणूनच आठवड्याच्या उशिरानेही एक पूर्ण वीण हातची जाते, हे संवर्धनाचे काम करणाऱ्याला सतत ध्यानात ठेवावे लागते.

एवढा धीट, काहीही खाणारा पक्षी धोक्यात आला कसा?

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही हा पक्षी किनारपट्टीवर विपुल होता. पुढे ऊस, कुरणे आणि वस्तीसाठी खारफुटी आणि सखल जंगल तुटले. यातून तो तरला असता. घाव बसला तो काउबर्डचा.

चकचकीत काउबर्ड मूळचा दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादचा. तो स्वतः घरटे बांधत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. आपली कोकिळा कावळ्याच्या आणि पावशा सातभाईंच्या घरट्यात घालतो तसे. लहान बेटांची साखळी चढत तो 1955 मध्ये प्युर्टो रिकोत नोंदला गेला. पुढे डोमिनिकन रिपब्लिक, क्यूबा आणि 1985 मध्ये फ्लोरिडा. तो उडत आला हे खरे, पण वाटेत जंगले तोडून, गुरे पाळून, धान्य सांडून त्याच्यासाठी मुक्काम आपणच तयार केले. मोकळी जमीन आणि गुरे, एवढेच त्याला लागते.

घरट्यात काय घडते ते क्रमाने असे. काउबर्डची मादी दुरून बसून घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांवर नजर ठेवते. मालकीण जरा दूर गेली की येते, आपले अंडे घालते आणि अनेकदा तिथल्या अंड्यांना चोचीने भोक पाडते. भोक पडलेले अंडे कधी सुकते, कधी त्याला मुंग्या लागतात. काउबर्डचे अंडे 11 ते 12 दिवसांत फुटते, म्हणजे साधारण दिवसभर आधी. ते पिल्लू आधी येते, आधी वाढते, तोंड मोठे उघडते आणि आणलेला घास पटकावते. मारिकितेची पिल्ले शेजारी उपाशी राहतात. एकाच घरट्यात अनेक काउबर्ड माद्यांनी अंडी घातली तर मालकिणीचे बहुधा एकही पिल्लू वाचत नाही.

आणि इथे वसाहतीची सवय अंगावर आली. एक घरटे सापडले की शेजारची दहा सापडतात. 1970 च्या दशकात काही ठिकाणी तपासलेल्या दर दहा घरट्यांपैकी नऊहून अधिक घरट्यांत काउबर्डची अंडी होती. त्या दशकाच्या मध्याला साधारण 2,400 पक्ष्यांचा अंदाज होता. 1982 पर्यंत नैऋत्य भागात सुमारे 300 उरले. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने 1976 मध्ये मारिकितेला धोक्यातली जात घोषित केले, आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीतही ती धोक्यातच आहे.

मारिकिता परके अंडे फेकून का देत नाही?

ओळखतच नाही. काउबर्डसोबत हजारो वर्षे राहिलेल्या मुख्य भूमीवरच्या काही पक्ष्यांनी परके अंडे बाहेर टाकायला किंवा ते घरटेच सोडून द्यायला शिकून घेतले आहे. प्युर्टो रिकोत असा चोर काही दशकांपूर्वीपर्यंत नव्हताच. एवढ्या अवधीत अशी सवय जातीत मुरत नाही. तिला दोष देण्यासारखे यात काही नाही; तिच्या घरट्यात आजवर जे अंडे असे, ते तिचेच असे.

काउबर्ड पकडतात तो सापळा कसा चालतो?

लाकडी चौकटीचा, जाळीने मढवलेला खोलीएवढा पिंजरा. माणूस आत उभा राहू शकेल इतका. त्यात काही जिवंत काउबर्ड आमिष म्हणून ठेवलेले असतात, शिवाय बाजरीसारखे दाणे, पाणी आणि बसायला काठ्या. छताला मधोमध एक अरुंद फट. अमेरिकेत काउबर्डसाठी वापरतात त्या सापळ्यांत ही फट साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते. सारी करामत त्या फटीतच आहे. वरून पक्षी पंख मिटून आत उतरू शकतो, पण बाहेर पडायला त्याला खालून वर, पंख पसरून उडावे लागते, आणि पसरलेले पंख फटीतून जात नाहीत. आत शिरल्यावर तो फटीकडे न जाता कडेच्या जाळीवर धडपडत राहतो.

काउबर्डही थव्याचा पक्षी आहे, म्हणून दाण्यांपेक्षा आतले पक्षीच त्याला जास्त ओढतात. आमिषाचे पक्षी एक-दोनच उरले की सापळा रिकामा राहतो.

बिघडते ते असे. मारिकिताही थवा बघून याच सापळ्यात शिरते, आकाराने ती फटीतून मावते. म्हणून सापळा रोज तपासलाच पाहिजे, सुट्टीच्या दिवशीही. आत सापडलेली मारिकिता आणि दुसरे पक्षी लगेच सोडायचे. रोज जायला माणूस नसेल तर सापळा मांडूच नये, हे आमचे ठाम मत आहे. दुसरी चूक सावलीची. कोपऱ्यावर आच्छादन नसेल तर कॅरिबियन उन्हात आतले पक्षी काही तासांत मरतात. तिसरी, जाळीचा खालचा काठ. तो जमिनीत गाडला नाही तर मुंगूस किंवा उंदीर आत घुसतो आणि सकाळी पिसे तेवढी दिसतात.

काउबर्ड मारणे योग्य आहे का, असेही विचारले जाते. पकडलेले काउबर्ड मारलेच जातात, हे लपवण्याचे कारण नाही. काउबर्ड दक्षिण अमेरिकेत उदंड आहे आणि मारिकिता जगात दोन बेटांवर. सापळे सुरू झाल्यावर त्या भागात परक्या अंड्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. सापळे थांबले की शेजारून नवे काउबर्ड येतात. त्यामुळे हे काम एकदा करून संपणारे नाही, दर हंगामात पुन्हा करावे लागते.

घरट्यातले परके अंडे हाताने काढता येत नाही का?

काढतात, पण परवानगी असलेले प्रशिक्षित कर्मचारीच. काउबर्डचे अंडे जास्त गोलसर असते. रंग पांढरटापासून दाट तांबूस ठिपक्यांपर्यंत काहीही असू शकतो. निळसर-हिरव्या अंड्यांमध्ये ते सहसा वेगळे उठून दिसते. दर दोन-तीन दिवसांनी तपासणी केली तर ते फुटण्याआधी हाती लागते. त्याहून वारंवार गेले तर पक्षी बिचकतो, आणि माणसाच्या पावलांच्या वाटेने उंदीर-मांजर घरट्यापर्यंत पोचते. पाहुण्याने घरट्याला हात लावणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

कृत्रिम घरटी कशी असतात? लाकडी खोके का नाही?

नैऋत्येतल्या खारफुटीत पीव्हीसीपासून बनवलेली घरटी लावली जातात आणि मारिकिता ती चांगली स्वीकारते. पीव्हीसी निवडण्यामागे साधी कारणे आहेत. खाऱ्या दमट हवेत लाकूड कुजते, सांधे उकलतात. लाकडाच्या भेगांत माइट लपतात. हे रक्त पिणारे बारीक जीव घरट्यात वाढले तर पिल्ले अशक्त होऊन मरतात. पीव्हीसीला भेगा नसतात आणि ते धुता येते. गुळगुळीत असल्याने उंदराच्या नखांना पकड मिळत नाही.

लावताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी: बैठक पाण्यावर असेल तर जमिनीवरचे शत्रू कमी येतात. शेजारची फांदी घरट्याला टेकत असेल तर उंदराला पूल तयारच असतो, म्हणून फांद्या हंगामापूर्वी छाटाव्यात. तळाला पाणी निथळायला छिद्रे हवीत, नाहीतर एका पावसात अंडी पाण्यात. तोंड दुपारच्या उन्हाकडे नसावे. हंगाम संपला की जुने गवत काढून, धुऊन, वाळवून ठेवायचे. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे. जुन्या गवतात माइटची पैदास राहते आणि पुढच्या वर्षीची पहिली पिल्लेच त्यांच्या तोंडी जातात.

मोत्यासारख्या पांढऱ्या डोळ्यांचा थ्रॅशर पक्षी ही आणखी एक डोकेदुखी. तो अंडी-पिल्ले खातो आणि बंदिस्त जागा बळकावतो. मारिकितेला उघड्या वाटीसारखी जागा चालते, थ्रॅशरला आत अंधार असलेली पोकळी आवडते. म्हणून घरटे जितके बंद, तितका थ्रॅशरचा त्रास जास्त.

भारतातून गेलेले प्राणीही तिथे आहेत म्हणे?

आहेत. उसातले उंदीर मारण्यासाठी 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली गेली आणि 1877 च्या सुमारास त्यांची संतती प्युर्टो रिकोत आली. मुंगूस दिवसा हिंडते, उंदीर रात्री आणि झाडावर, त्यामुळे उंदीर राहिले ते राहिलेच आणि जमिनीवरच्या पक्ष्यांच्या जिवावर बेतले. घरटी उंच असल्याने मारिकितेला मुंगसाचा थेट त्रास कमी, पण नुकतेच उतरलेले पिल्लू त्याच्या टापूत येते. झाडावर चढणारा काळा उंदीर तिचा जास्त मोठा शत्रू.

दुसरी गोष्ट लाल तोंडाच्या माकडांची. 1938 मध्ये संशोधनासाठी भारतातून आणलेली 409 माकडे पूर्व किनाऱ्यालगतच्या कायो सांतियागो या बेटावर सोडण्यात आली. त्यांतली काही 1960 च्या दशकात ला पारगेरासमोरच्या बेटांवर नेली गेली. पुढे आफ्रिकेतली पाटास माकडेही तिथे आणली. दोन्ही पोहत मुख्य बेटावर पोचली आणि नैऋत्येत रानटी झाली. मारिकितेच्या मुख्य प्रदेशातच अंडी खाणारा आणखी एक चढाऊ प्राणी वाढला.

चक्रीवादळांनी काय होते?

सप्टेंबर 1998 मध्ये जॉर्जेस आणि 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया, ही दोन मोठी. वाऱ्यात मरणाऱ्या पक्ष्यांपेक्षा नंतरचे नुकसान जास्त दिवस छळते. खारफुटीची पाने झडतात, झाडे उभ्याउभ्या मरतात, घरट्यांच्या बैठका वाहून जातात आणि सावली नसलेल्या फांद्यांवर घरटी उघडी पडतात. सगळी जात एका कोपऱ्यात असल्याने एकच वादळ बहुतेक वसाहतींना गाठते. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या वसाहती पुन्हा भरणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. नैऋत्येत कितीही चांगले काम झाले तरी सगळा जीव एका ठिकाणी ठेवणे धोक्याचेच.

मोना बेटावरची मारिकिता वेगळी आहे का?

मोना मुख्य बेटापासून सुमारे 66 किलोमीटर पश्चिमेला आहे, चुनखडीचा सपाट कातळ आणि कडेला उभे कडे. तिथे मारिकिता समुद्राकडच्या कड्यांच्या खोबणींत घरटी करते. काउबर्ड मोनावर पोचला आहे, पण त्या कड्यांवरच्या घरट्यांना त्याचा उपद्रव फारच कमी. मोनावर मुंगूसही नाही. तिथे जायला नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याची परवानगी आणि खराब समुद्र सोसणारे पोट, दोन्ही लागते.

पाहायला कुठे आणि कधी जावे?

सर्वांत खात्रीचे ठिकाण ला पारगेरा. राजधानी सान हुआनहून गाडीने साधारण अडीच तास. प्युर्टो रिको अमेरिकेचा भाग आहे: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी ते देशांतर्गत विमान आहे.

वेळ सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतर. मधल्या उन्हात पक्षी सावलीत गप्प असतात. मोठे थवे पाहायचे तर विणीनंतरचे, हिवाळ्याचे महिने. घरट्यांची लगबग दुरून पाहायची तर मे ते ऑगस्ट. धक्क्यावर उभे राहून समुद्राकडून येणारे थवे मोजणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग, पक्ष्यांनाही. गावात लोक जिथे दाणे ठेवतात तिथे ती सहज दिसते, मात्र तिथे चांगो आणि काउबर्डही असतात, म्हणून वरची ओळख पाठ करून जा.

सोबत 8 × 42 ची दुर्बीण पुरते. टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि डासांचे मलम घ्या. संध्याकाळी खारफुटीत डास असह्य होतात. होडीने गेलात तर वसाहत असलेल्या बेटुकल्यावर उतरू नका. पक्षी उठून ओरडायला लागले म्हणजे तुम्ही जास्त जवळ आला आहात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे पूर्ण वर्ज्य. मादी अंड्यांवरून उठली की ती संधी काउबर्ड साधतो.

काळ्या पक्ष्याचा फोटो नुसता काळा डाग येतो. काय करावे?

पक्षी आकाशासमोर असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा. पक्ष्याने चौकट भरली असेल आणि मागे गडद पाने असतील तर उलट अर्धा स्टॉप कमी करा, नाहीतर काळा रंग राखाडी होतो आणि पिवळ्या पट्ट्यातला तपशील जळतो. सूर्य पाठीमागे आणि खाली असताना पिसांची चमक उतरते. पट्टा हवा असेल तर पक्षी फांदीवर उतरतानाचा क्षण धरा, 1/2000 किंवा त्याहून वेगवान शटर.

पिल्लू जमिनीवर दिसले तर?

पिसे आलेली असतील तर ते बहुधा नुकतेच घरटे सोडलेले आहे आणि आईबाप जवळच आहेत. मांजर किंवा कुत्रे असेल तर ते हाकला आणि दूर व्हा. उचलून हॉटेलवर नेऊ नका. जखमी असेल, किंवा चोचीभोवती आणि पायांवर देवीसारख्या गाठी दिसल्या, तर हात न लावता नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याला कळवा. त्या गाठी पक्ष्यांच्या देवीरोगाच्या असू शकतात. दाट वसाहतीत तो पसरतो.

पाळता येते का?

नाही. पकडणे, पाळणे, विकणे, अंडी किंवा पिसे बाळगणे, सर्व बेकायदा.

पाहिल्यावर नोंद कशी करावी?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण, वेळ आणि संख्या द्या. ‘बरेच’ असे न लिहिता मोजा. थवा मोठा असेल तर दहा पक्ष्यांचा गट डोळ्यांत बसवून तसे किती गट भरतात ते पाहा. थव्यात काउबर्ड किती होते, तेही वेगळे लिहा, त्या आकड्याला तितकेच मोल आहे. पायात अभ्यासकांनी अडकवलेली रंगीत कडी दिसली तर आधी डावा पाय, मग उजवा, प्रत्येक पायावर वरून खाली असा रंगांचा क्रम लिहा. फोटोत पाय गवतात दडले असतील तर तसे लिहा, रंगांचा अंदाज करू नका. विणीच्या काळात घरट्याची नेमकी जागा किंवा घरट्याचा फोटो जाहीर टाकू नका. ती माहिती फक्त नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याला द्या.